चिमूटभर भुसा

लकडगंजात आता आरागिरण्या कमी, गाळे जास्त.
विश्रामभाईंच्या गोदामात प्लायवुडच्या थप्पीमागे
ती पोत्यात पडली होती.
"किलोच्या भावाने न्या. पोतं आमच्याकडून."

स्कूटरच्या पायाशी ठेवून आणली.
सेंट्रल अव्हेन्यूच्या प्रत्येक सिग्नलला
तिच्या पात्याचं टोक शेजारच्या रिक्षावाल्याच्या गुडघ्याकडे.

कुंदाने दारातच विचारलं, काय कापणार हिने?
काहीच नाही.
"मग बरं," म्हणाली, आणि कालचा पेपर अंथरला.

एकतीस वर्षं रात्रीच्या गाडीत, हलत्या दिव्याखाली
मी पत्रं लावली खणाखणांत.
आता संत्र्याच्या पेट्यांचे खण केलेत:
मॅग्नेटो इथे, क्लच तिथे,
कार्ब्युरेटरचे स्क्रू आइस्क्रीमच्या डबीत.
डायफ्रॅम निघाला तो उडदाचा पापड, बोटांत मोडला.
कॉटन मार्केटमागे फवारणीपंपाचे सुटे भाग विकणारा पोरगा
म्हणाला, काका, हा बसवून बघा.
बसला नाही. कात्रीने कापला.
चौथा बसला.

पॉइंटमधला गॅप मी लग्नपत्रिकेने मोजतो.
पत्रिका साधी हवी, सोनेरी वेलबुट्टीची जाड पडते.
दोरीला धरून उचलायचं मशीन:
खसकन खाली आलं तर रिंग गेलेली.
ही उतरली थांबत थांबत,
भरली बादली घेऊन जिना उतरणाऱ्या बाईसारखी.

क्लचच्या झाकणाखाली डांबर झालेला थर होता, तेल आणि भुसा.
खरवडत गेलो. अगदी तळाशी,
जिथे तेल पोचलं नव्हतं,
चिमूटभर कोरडा, पिवळा.
झाकणाच्या आतून खिळ्याने कोरलेलं: आलापल्ली ७.
मी तो होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत भरला
आणि चिठ्ठी लावली: साग.

दाते घासतो. आधी डावे, मग उजवे.
प्रत्येकाला कानशीचे तीन हात, चौथा नाही.
कापायचं नाही तर धार कशाला, शेजारचे ढोबळे विचारतात.
आमच्याकडे बिनपत्त्याच्या पत्रालाही
एक खण असायचा.

डिसेंबरात बिसन मडावी आले,
मेडिकलला हात दाखवायला, लेकीकडे उतरलेले.
डेपोच्या जुन्या चौकीदाराने माझा पत्ता दिला होता.
"सात नंबरची व्हय हे," म्हणाले, हात न लावता.

गच्चीवर नेली. चोक, दोन ओढी, चोक बंद,
तिसरीला गल्लीतली सगळी कबुतरं उडाली.
निळा धूर टाकीवरून ढोबळ्यांच्या वाळवणाकडे.
मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो, काही दिसेल म्हणून.
ते ऐकत होते, डाळीची उकळी ऐकावी तसे.
"उभ्या उभ्या जास्त पळते. पाव आटा मागं घ्या."
घेतला.
आवाज खाली बसला.

चहाचा कप त्यांनी दोन्ही तळव्यांत धरला,
बोटं वापरलीच नाहीत.
टोकं पांढरी होती, खडूसारखी.
"हिनंच नेली," हनुवटीने तिच्याकडे दाखवत,
तक्रार नाही, कुणाला रस्ता सांगावा तसं.
किती झाडं पाडली असतील, मी विचारलं.
विचारायला नको होतं.
"तुमी किती चिठ्ठ्या लावल्या?"

निघताना मी बाटली पुढे केली.
ती मलाच उघडायला लावली.
वास घेतला, डोळे उघडे ठेवून. पुन्हा घेतला.
"हा साग नाई," म्हणाले. "बिजा व्हय."
आणि चपला पायात सरकवल्या,
आधी डावी, वाकून, तळव्याने ढकलत.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी
पाच मिनिटं चालवतो, सील वाळू नयेत म्हणून.
ढोबळे आता वाळवण शनिवारीच काढून ठेवतात.
चिठ्ठी नखाने निघेना. ओल्या फडक्याने काढली.
नवी लिहिली: बिजा.
खाली, बारीक अक्षरात, ज्यांनी सांगितलं त्यांचं नाव.